हो म्हटलं की डावीकडे

ग्लासगोत नोकरीला असताना मी एक उद्योग मागे लावून घेतला होता. शनिवार-रविवारी उत्तरेला जायचं आणि एका म्हाताऱ्या स्कॉटिश माणसाकडून कुत्र्यांची गाडी हाकायला शिकायचं. तिथल्या बर्फाचा भरवसा नाही, म्हणून गाडीला चाकं. मला त्या गाडीतून एकटीनं, जंगलातून, पार उत्तरेच्या समुद्रापर्यंत जायचं होतं. ओझं ओढायला मिळालं की ही कुत्री आनंदानं वेडी का होतात, हे मला जवळून बघायचं होतं.

"कुत्री जुंपून?" कॉलिंग कार्ड घासून पुण्याला फोन लावला तेव्हा आई म्हणाली. "बैल मिळत नाहीत का तिकडे? आणि तू कुणाचं ऐकणार आहेस म्हणा! माझ्यासमोर कधी तुझ्या तोंडून 'हो' निघालंय?"

गंमत म्हणजे अडचण त्या 'हो'चीच होती. कुत्र्यांना उजवीकडे वळवायला 'जी' म्हणायचं, डावीकडे वळवायला 'हॉ'. आपल्याकडे दोन्ही होकारच. म्हातारा काही समजावून सांगायचा, मी सवयीनं मान डोलवत "हो, हो" करायचे, की गाडी डावीकडच्या झुडपात.

निघताना त्यानं एकच अट घातली: सहाच्या सहा कुत्री धडधाकट राहिली पाहिजेत.

वाटेत एका सकाळी दाट धुक्यात फाटा लागला. नकाशातला रस्ता उजवीकडे, ओढ्यावरच्या लाकडी पुलावरून जात होता. "जी!" मी म्हटलं. सर्वांत पुढची म्हातारी कुत्री हलेना. पुन्हा ओरडले. तिनं वळून माझ्याकडे बघितलं आणि चक्क बसली. माझं डोकंच फिरलं. पण राग आला तरी माझ्या चौकशा थांबत नाहीत. हिला असं काय कळलंय, जे मला कळत नाही? गाडी झाडाला बांधली आणि उजवीकडे चालत गेले.

पूल होता. मधल्या फळ्या नव्हत्या. खाली पाणी उसळत होतं. सगळी कुत्री एकाच दोराला जुंपलेली होती, एकामागोमाग एक गेली असती.

परत येऊन ओल्या मातीत तिच्यासमोर बसले आणि तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"हो बाई," मी म्हणाले, "तुझंच खरं."

ती ताडकन उठली आणि मला चिखलात आडवी करून सगळ्यांसकट डावीकडे वळली. गाडी झाडाला बांधलेली होती म्हणून बरं, नाहीतर सहाच्या सहा धडधाकट कुत्री मला तिथंच सोडून समुद्राकडे निघाली असती.