काळ्या झग्यातला देव

आमच्या घराण्यात बी.ए. झालेला पहिला माणूस मी. हे आजही ताठ मानेनं सांगतो, कारण त्यासाठी माझी आई कापड गिरणीत उभी राहून म्हातारी झाली. पदवी मिळाली त्या दिवशी सीताबर्डीच्या एका स्टुडिओत भाड्याचा काळा झगा घालून मी फोटो काढला. आईनं तो भिंतीवर लावला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हात धरून दाखवला.

वस्तीत कोणी गेलं की पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात बोलायला मलाच बोलवायचे, शिकलेला म्हणून. मी सांगायचो, सगळं अनित्य आहे. मनसुद्धा वाहतं, कालचं मन आज नसतं. लोक माना हलवायचे. आपल्याला हे कळलंय, असं मलाही वाटायचं.

मग ऐंशी साल जवळ आलं तेव्हा आई विसरू लागली. आधी चुलीवरचं, मग शेजारणींची नावं. एका सकाळी मी कामठीला शाळेत शिकवायला निघालो होतो. माझ्याकडे बघून तिनं विचारलं, “तू कोणाचा गा, बाबू?” मी हसलो, थट्टा करते वाटलं. तिचे डोळे थट्टेचे नव्हते.

त्यानंतर मी रोज तिची परीक्षा घेऊ लागलो. मी कोण, भिंतीवर कोण. बायको म्हणायची, माय काय तुमच्या वर्गातली पोरगी आहे का? पण मला दुसरं काही नकोच होतं. तिनं एकदा तरी मला आपला मुलगा म्हणून ओळखावं. जिच्यासाठी शिकलो, तिच्याच लेखी कोणी नसलो तर मी होतो तरी कोण?

एका रविवारी दुपारी शेजारीण सांगत आली, तुमची माय टोपलं घेऊन नदीकडे चालली. भिंतीकडे पाहिलं तर नुसता खिळा.

नाग नदीच्या काठावर तिला गाठलं. उन्हाळ्याचं पाणी, घोट्याइतकं. रिकामं टोपलं घेऊन ती उभी होती. आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या वर्षी वस्तीतल्या बायांनी घरातले देव असेच टोपल्यात घालून नदीत सोडले होते. आईनंही सोडले होते, मी सोबत होतो. ती त्याच वर्षात जाऊन पोचली होती.

“काय सोडलं वं, माय?”

“देव. आपल्या घरी आता देव नाई ठेवत. एक राहूनच गेलता, काळ्या झग्यातला. शनी असन.”

फोटो काच वर करून गाळात रुतला होता आणि माझ्या तोंडावरून सांडपाणी वाहत होतं. हसू आलं नाही, रडूही आलं नाही. चपला काढून खाली उतरणार, तोच आईचा पाय घसरला. मी हात पुढे केला. तिनं तो गच्च धरला, उतारावर कोणाचाही धरावा तसा, आणि तेवढ्यानं तिची भीती गेली. तिच्या पंजातून मला ती भीती जाताना कळली.

माझ्या ओळखीवाचून तिचं काहीच अडलं नव्हतं. इतक्या मयतांच्या वेळी मी लोकांना अनित्य समजावलं, पण त्यात स्वतःला कधी धरलंच नव्हतं. छातीत कित्येक महिने आवळून बसलेलं काहीतरी तिथेच, त्या घाणेरड्या काठावर, सैल झालं. फोटो तसाच राहू दिला.

“तू कोणाचा गा?” तिनं विचारलं.

“इथलाच, माय.”

“मंग चाल लवकर. माहा पोरगा कॉलेजातून येऊन राहिला. भाकरी टाकाच्या हायेत.”

त्याला काय आवडतं, मी विचारलं. बेसनाचं चून नि भाकर, ती म्हणाली, वरून कच्चं तेल लागते त्याले, नाई देलं तं रुसते. लहानपणी तो कसा होता, हेही सांगू लागली. टोपलं काखेत घेऊन मी ऐकत चाललो.