भरल्या पोटाची ससाणी

टेनिस क्लबात त्यांना सगळे ससाणेकाका म्हणत. गवताच्या कोर्टांवर कबुतरं बसू द्यायची नाहीत, हे त्यांचं काम. नवं बी पेरलं की कबुतरांची चंगळ व्हायची. त्या क्लबाचं सोवळं कडक होतं. गवत नखाएवढं ठेवायचं, खेळाडूंनी मोज्यांपासून टोपीपर्यंत पांढरंच घालायचं, मधल्या कोर्टावरचा पहिला सामना मागच्या विजेत्यानंच खेळायचा. कबुतरांना यातल्या एकाचीही पर्वा नव्हती. म्हणून काका पहाटे आपली ससाणी उडवायचे. तिनं एक घिरटी घातली की मैदान साफ!

तिचं नाव ठमी. लहानपणी ती फुगून बसायची म्हणून काकूंनी ठेवलेलं. ठमीचं सगळं काकूंच्या हातात होतं. रोज तिला तराजूवर घ्यायचं, मांस मोजून द्यायचं, थोडी भूक शिल्लक ठेवायची. काका मऊ मनाचे. ठमीनं चोच वासली की विरघळायचे. काकू दटावत, "लाडानं वाया घालवाल तिला. पोट भरलं की ती कुणाची? आभाळाची!"

हिवाळा सरता सरता काकू गेल्या. साध्या तापाचं निमित्त झालं आणि बघता बघता सगळं आटोपलं. मुलगी आली, राहिली, नोकरीच्या गावी परत गेली. काकांच्या घशाखाली घास उतरेना. ठमी मात्र त्यांच्याकडे टक लावून बसे. काका एक तुकडा देत, मग आणखी एक. तराजूला त्यांनी हातच लावला नाही. "निदान तू तरी पोटभर खा गं," म्हणायचे.

स्पर्धेच्या पहिल्या दिवशी हेडमाळ्यानं तिला पाहिलं. दोघांची जुनी दोस्ती.

"काका, अंगानं भरली हो ही."

"भरू दे. घरातलं माणूस गेलंय तिच्या."

माळी बाजूला सरला.

काकांनी ठमीला सोडलं. कबुतरं उधळली. ठमी प्रेक्षागाराच्या छपरावर जाऊन बसली. काकांनी हातमोजा वर केला, मांस दाखवलं, शीळ घातली. तिनं एकदा खाली पाहिलं, पिसं साफ केली आणि वाऱ्यावर स्वार होऊन भिंतीपलीकडे गेली ती गेलीच.

काका गल्लोगल्ली शीळ घालत फिरले. लोक खिडक्यांतून डोकावले, कुणी वेड्यात काढलं. इकडे ऐन सामन्यात कबुतरं कोर्टावर उतरली, प्रेक्षक हसले, खेळ थांबला. सचिवांनी बोलावलं तेव्हा काका मान खाली घालून उभे राहिले. पण सचिव रागावले नाहीत.

"दुसरं पाखरू आणू या, काका."

"आणाल हो साहेब. पण त्याला उपाशी ठेवणारं माणूस आता घरात नाही."

स्पर्धा संपली आणि माळ्याला खबर लागली, बंद कारखान्याच्या धुराड्यावर एक ससाणी दिसते. दोघं गेले. ठमीच होती. पायात चामड्याचा पट्टा अजून होता. पंजाखाली कबुतर होतं आणि ती निवांत त्याची पिसं उपटत होती. काकांनी हाक मारली. तिनं मान वळवली, पाहिलं आणि पुन्हा खायला लागली.

काका तिथंच फुटपाथवर बसले. काकूंना निरोप देतानाही डोळे कोरडे राहिले होते. आता मात्र ते लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले. माळी शेजारी टेकला.

"आमच्या हिनं एवढं सांगून ठेवलं होतं रे. मला तेवढंही जमलं नाही."

"पोर जगली ना पण," माळी म्हणाला. "स्वतःचं स्वतः मिळवून खातेय."

काकांनी नाक पुसलं. मग खिशातून फोन काढून मुलीला लावला. आवाज सावरत म्हणाले, "बाळा, घर खायला उठतंय गं. मला घेऊन जातेस का?"

पुढच्या आठवड्यात ती आली आणि त्यांना घेऊन गेली.