तेल लावलेली डोकी

आमच्या बाईंइतका शिस्तीचा जाच पुण्यात दुसऱ्या कोणी केला नसेल, आणि हे मी पुण्याबद्दल बोलते आहे. कॉलेजच्या सुट्टीत मी त्यांच्या मेंदूविज्ञानाच्या प्रयोगशाळेत इंटर्न होते. दवाखान्यांतून ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचे आलेख यायचे, प्रत्येकाची तऱ्हा निराळी. ते सगळे एका साच्यात बसवायचे, एवढंच काम. पण बाईंना साच्याचं वेड होतं. तारीख लिहिताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, हा त्यांचा नियम साऱ्या जगाला लागू होता. सख्ख्या भाचीची लग्नपत्रिका त्यांनी तारीख दुरुस्त करून परत पाठवली होती. एका मुलाने फाइलला 'फायनल नवीन' असं नाव दिलं, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "उद्या आपल्याला मुलगी झाली, की तिचंही नाव 'मुलगी नवीन' ठेवा."

मला रागच यायचा. मी मोर्च्यांत वाढलेली. नियम पाळणारी माणसं मला सत्तेचे कारकून वाटत. त्यात निघाला खरखरीचा नियम: ज्या आलेखात खरखर, म्हणजे मेंदूबाहेरची गडबड जास्त, तो संगणक आपोआप गाळणार. गाळलेले पाहिले, तर बहुतेक विश्रांतवाडीकडच्या वस्तीतल्या बायकांचे. ज्यासाठी हे सगळं चाललं होतं, तो फिट ओळखणारा प्रोग्राम उरलेल्या आलेखांवरूनच शिकणार होता. म्हणजे या बायकांची फिट त्याला ओळखू येणारच नव्हती. जेवणाच्या सुट्टीत मी पत्रक लिहिलं: 'कष्टकरी बाईचा मेंदू कचरा आहे काय?' बाईंनी ते वाचलं, वरची तारीख सुधारली आणि म्हणाल्या, "मजकूर बरोबर आहे. वाटा नंतर. आधी त्या बायकांना परत बोलवा, आणि एक बादली आणा."

पहिली आली ती चापूनचोपून तेल लावून. डोकं धुऊन यायला सांगितलं होतं ना, असं मी विचारलं.

"धुतलंय की ताई. पण दवाखान्यात काय झिपऱ्या सोडून यायचं?"

आलेखासाठी डोक्याला तारांच्या चकत्या चिकटवतात, त्या तेलावर बसत नाहीत. खरखर तिथली होती. बाईंनी पदर खोचला आणि बेसिनपाशी शिकेकाईने तिचं डोकं धुवायला घेतलं.

"अहो मॅडम, राहू द्या, मी धुते."

"मान खाली घ्या. डोळ्यांत जाईल."

आलेख स्वच्छ आला. ज्या ज्या आल्या, त्या सगळ्यांचे आलेख प्रोग्रामला शिकवायच्या संचात आहेत. ज्यांना दिवसाचा रोज बुडवता येईना, त्या राहिल्या. त्यांच्यासाठी थांबा, म्हणून बाई प्रकल्पाच्या वरिष्ठांशी भांडल्या. मुदत म्हणजे मुदत, असं उत्तर आलं. जन्मभर नियमांची बाजू घेतलेल्या बाईंनी त्या उत्तरावरची चुकलेली तारीखही सुधारली नाही. मी तिथे होते.

आता त्या निवृत्त होऊन बिबवेवाडीत असतात. कधी गेले, की दारातच विचारतात, "त्या राहिलेल्या बायका आल्या का हो?" मी नाही म्हणते. त्या चहा ठेवायला आत जातात.