नेडीनने निवडलेलं पिस्तूल

नेडीन प्रुइटने नर्स म्हणून सव्वीस वर्षं अमेरिकेतल्या ओझार्कच्या डोंगरात घरोघरी जाऊन जखमा धुतल्या, इंजेक्शनं दिली. एवढ्या काळात तिच्या वाट्याला कुत्रे आले, पूर आले, एकदा रानडुक्करही आलं. पण फेब्रुवारीत तिच्या एका रुग्णाच्या, टॅकेट म्हातारीच्या, पुतण्याने कच्च्या रस्त्यात पिकअप आडवा घातला आणि "औषधांची पिशवी दे" म्हणून तो वीस मिनिटं तिच्या काचेवर थापा मारत राहिला. शेवटी लाकडाचा ट्रक आला, तेव्हा तो निघून गेला. पोलिसाची गाडी पन्नास मिनिटांनी पोचली. रस्ताच तेवढा होता, त्याला कोण काय करणार?

त्या शनिवारी ती वेंडलच्या बंदुकीच्या दुकानात गेली. दोघं एका वर्गातले. त्याने काही न विचारता तळहातात मावेल असं एक इवलंसं पिस्तूल काचेवर ठेवलं.

"बायकांना हेच आवडतं."

"बायकांना विचारलंस, की तूच ठरवलंस?"

नेडीन अठ्ठावन्न वर्षांची, अंगठ्यांचे सांधे धरलेले. गोळी चढवण्यासाठी पिस्तुलाचा वरचा भाग मागे खेचायला गेली, तो निम्म्यावरच अडला. मग वेंडलने पाच गोळ्यांचं छोटं रिव्हॉल्व्हर दिलं. त्यात खेचायचं काही नव्हतं, पण दुकानामागच्या मैदानावर तिसऱ्याच बाराला तळवा झिणझिणला आणि चौथा बार मातीत गेला.

"हलकं आहे, म्हणून लाथ मारतं," वेंडल म्हणाला. "बाळगायला सोपं ते चालवायला अवघड."

"मग उलटं दाखव की. मला बाळगायचं कुठे आहे? रुग्णाच्या घरात न्यायला बंदीच आहे. ते गाडीतल्या कुलपाच्या डब्यात राहणार."

आता तो जरा ओशाळला. तिसरं पिस्तूल बोटभर मोठं, वजनदार आणि मऊ स्प्रिंगचं होतं. ते तिला सहज खेचता आलं. पण नेडीनने लगेच होकार दिला नाही. रुग्णाला नवं औषध सुरू केलं की पहिले काही दिवस नजर ठेवायची, तसंच तिने केलं. दोन शनिवारांत दोनशे गोळ्या झाडल्या. एका जातीच्या गोळीने ते दोनदा अडकलं. गोळी बदलली, त्यानंतर एकदाही नाही. मग तिने ते घेतलं.

थोरली बहीण कॉर्लिस चिडली. "अगं, उद्या त्याने ते तुझ्याच हातातून हिसकावलं तर?"

"म्हणून तर सराव करते, ताई."

"आणि वेळ आली तर माणसावर झाडशील?"

 ते नेडीनला खरंच माहीत नव्हतं.

ऑक्टोबरात, ओढ्यावरच्या बुटक्या पुलाशी, दुपारी दोनच्या सुमारास तोच पिकअप पुन्हा आडवा उभा दिसला. नेडीनने डबा उघडला, पिस्तूल मांडीवर घेतलं, बोट चापापासून लांब ठेवलं. तो उतरून चालत येऊ लागला. तिने त्याच्या छातीवर नजर रोखली. मागचा रस्ता मोकळा होता. तिने पिस्तूल शेजारच्या सीटवर ठेवलं आणि गाडी तशीच अर्धा मैल मागे नेली, थेट हॉलिस शेतकऱ्याच्या अंगणात. तिथे चार गडी कुंपणाचे खांब रोवत होते. पिकअप वळणापर्यंत आला, माणसं पाहून परत फिरला. आठवड्याभरात एक औषधांचं दुकान फोडताना तो पकडला गेला.

"मग, चाललं का आमचं पिस्तूल?" वेंडलने विचारलं.

"रिव्हर्स गिअर झकास चालला."

तो हसला, पण ती हसली नाही. मोकळा रस्ता नसता तर आपण गोळी झाडली असती, हे तिला त्या दुपारी कळलं होतं, आणि ते कळणं काही सुखाचं नव्हतं. वरिष्ठांनी टॅकेटबाईंसाठी दुसरी नर्स देऊ केली. नेडीन नको म्हणाली. मंगळवारी ती नेहमीप्रमाणे गेली, म्हातारीच्या पायाची पट्टी सोडली. म्हातारीने पुतण्याचा विषय काढला नाही, फक्त निघताना मक्याच्या पावाचा अर्धा तुकडा कागदात बांधून दिला. नेडीनने तो घेतला.