अस्वल जावई आणि कांदेपोहे

हसायचं असेल तर पोटभर हसा, पण मुलीच्या होणाऱ्या सासरच्यांसमोर मी जी माती खाल्ली, तशी इथे अमेरिकेत, आमच्या अख्ख्या बॉथेल गावात कुणी खाल्ली नसेल!

आमच्या ईशाला निखिल आवडलेला. त्याचे आईबाबा पुण्याहून आले होते आणि शनिवारी पहिल्यांदाच आमच्याकडे येणार होते. वेळ दिली पाचची. आता तुम्हीच सांगा, इथली आपली माणसं पाचला बोलावल्यावर कधी येतात? सहाला! म्हणून मी निवांत.

त्यात रविवारी इथल्या मराठी मंडळात माझं भाषण. विषय, लोककथांमधले प्राणी-नवरदेव. पोह्यांचा कांदा परतता परतता मी आमच्या ह्यांच्यासमोर तालीम सुरू केली.

"आपल्याकडे नाग, युरोपात अस्वल नाहीतर बेडूक! देश कुठलाही घ्या, गुणी पोरीच्या गळ्यात जनावरच!"

"आणि आईबाप नाही म्हणत नाहीत?" ह्यांनी विचारलं.

"शब्द देऊन बसलेले असतात ना! पोरगी आधी रडते, मग माया लावते, आणि जनावराचा माणूस होतो. नाहीच झाला तर त्याचं कातडं जाळायचं!"

मागे कुणीतरी खाकरलं.

दारात ईशा आणि तिच्यामागे निखिलचे आईबाबा. घड्याळात बरोब्बर पाच! पुण्याहून आलेली माणसं वेळेवरच येणार, हे मला कळू नये?

"आई, सीरियसली?" ईशा रडकुंडीला आली.

"तुमच्या निखिलबद्दल नव्हतं हो!" मी घाईघाईने म्हटलं. "मी अस्वलाबद्दल बोलत होते!"

नेमका तेव्हाच गाडी पार्क करून निखिल आत आला. सहा फूट उंच, छातीपर्यंत दाढी, अंगात तपकिरी केसाळ जाकीट. ह्यांनी हसू लपवायला फ्रिजमध्ये डोकं घातलं.

मी भाषणाचं सगळं सांगितलं. निखिलच्या आईचा चेहरा काही सैल होईना. चहाचा कप हातात धरून त्या म्हणाल्या, "असं होय. मग या गोष्टींत मुलाची आई कोण असते हो?"

विषय माझ्या आवडीचा. मी थांबते थोडीच? "बहुतेक राक्षसीण!"

ईशाने कपाळाला हात लावला. आणि मग त्या अशा हसत सुटल्या, की चहा बशीत सांडला. "विचारा आमच्या ह्यांना!" हुश्श! पोरीचं लग्न वाचलं.

डोळे पुसत त्यांनी विचारलं, "आणि मुलीची आई?"

"ती ना? ती गोष्ट सुरू व्हायच्या आधीच मेलेली असते."

त्यावर ईशाने माझ्याकडे असं काही पाहिलं, की खरं सांगते, मला गोष्टीतल्या त्या बाईचा फार हेवा वाटला.