सरांचा फ्लेक्स

इंग्लंडमध्ये मला सेंद्रिय रसायनशास्त्र शिकवणाऱ्या सरांची पंच्याहत्तरी होती. त्यांच्याच शोधातून उसावरचं तणनाशक निघालेलं, म्हणून मी देवळालीच्या चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स लावायला सांगितला. फोटो काळा-पांढरा होता. तो बघून फ्लेक्सवाल्या शहाण्याने ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ छापलं.

दुपारपर्यंत घरात माणसं मावेनात. सुतकात चूल पेटणार नाही म्हणून शेजारच्या काकूंनी पिठलं-भाकरी आणली.

“अहो, सर जिवंत आहेत,” मी वैतागून सांगत राहिलो.

“व्हय, सुरवातीला असंच वाटतं,” एका म्हाताऱ्याने माझी पाठ थोपटली.

शेवटी मी सरांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांची पापणी मिटायला आणि नेट अडकायला एकच गाठ पडली. सगळ्यांनी मोबाईलला हात जोडले.

“लई शांत दिसत्यात,” काकू म्हणाल्या.