लॉनवरचं निंदण

मी विमल. दारव्ह्याजवळच्या मानसिक दवाखान्यात बायांच्या वार्डात आया आहो. तोंडानं फटकळ आहो, हे आधीच सांगून ठेवते.

दवाखाना बांधतानी पियूष डॉक्टरनं एकच धोशा लावलता, प्रत्येक खाटेवरून हिरवं दिसलं पाहिजे. म्हणून मधातल्या आंगनात लॉन आणून अंथरलं अन् 'गवतावर चालू नये' अशी पाटी ठोकली. मलेही लई आवडलं ते. कोणी पाय ठेवला का मी खेकसलीच समजा.

बोरी अरबची सत्यशीला खिडकीपाशीच होती. जलमभर लोकाच्या वावरात निंदण केलेली बाई. तरणी पोरगी गेली तवापासून तिचं बोलणं बंद झालं. घास मी चारला तरच गिळे. बाहेर एवढं हिरवं, पण ही भिंतीकडं तोंड करून बसे. तिचा पोरगा राजदीप नातेवाइकायच्या बोलण्यानं कावून गेलता. फोनवर म्हणे, "काई फरक नाई त रविवारी घेऊन जातो." घरी मागची खोली रिकामी केली होती, बाहेरून कडी लावाले.

रविवारी सकाळी तिले तोंड धुवाले बाहेर आणलं अन् मी चादरी वाळू घालाले वळली. पाहते त काय, बाई लॉनमंदी उकिडवी बसलेली. निंदतानी धरते तशी आपली पात, म्हणजे ओळ, धरून, गवत उपटत, पुढं सरकून राह्यली. मागं काळी माती उघडी पडलेली.

"काय करून राह्यली व हे? डॉक्टर मले कच्चं खाईन."

तिनं मान वर केली नाई. "तण किती माजलं व बाई. कपाशीची पऱ्हाटी दिसून नाई राह्यली."

इतक्या महिन्यांत मी तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला. डॉक्टर आला, गवताचे ढीग पाहून त्याचं तोंड उतरलं. हौसेचं लॉन होतं बिचाऱ्याचं. बाई बोलली, असं मी सांगतलं, तवा म्हणे, "विमलताई, तिले थांबवू नका."

ऊन चढलं तवा राजदीप भाड्याची जीप घेऊन आला. सत्यशीलानं हात धुतले, भिंतीच्या सावलीत बसली अन् माह्याकडं पाहून म्हणे, "भाकर दे." मी पळतच आणली. वावरात कोणी एकटं जेवत नाई, आधी बाजूवालीच्या हातावर ठेवा लागते. तिच्या बाजूले राजदीप होता. तिनं अर्धी भाकर मोडली, वांग्याची भाजी घातली अन् त्याच्या हातावर ठेवली.

"खाय. किती वाळला तू."

त्यानं रडत रडतच घास खाल्ला. मीही रडली, लपवू कायले.

"आई, चाल घरी," तो म्हणे. "मी नाई ठेवत तुले खोलीत. जीप उभी हाय."

"तू जाय," ती उठत म्हणे. "माह्यं अर्धं वावर बाकी हाय."

राजदीपनं जीपवाल्याले परत पाठवलं, अन् तिच्या बाजूची पात धरली.